गाडीचे ब्रेक चिरकतायत? आवाज ओळखण्यापासून तो बंद करण्यापर्यंत

ब्रेकवर पाय ठेवला की चाकातून बारीक, कानात घुसणारी 'चीं' येते. गाडी गॅरेजला जाते आणि तिथे बहुतेक वेळा दोनांपैकी एक होतं. पॅडवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दाबून घासणाऱ्या तुकड्यावर) पॉलिश पेपर मारून गाडी परत मिळते आणि काही दिवसांत आवाज पुन्हा सुरू होतो. नाहीतर थेट नवे पॅड पडतात आणि तेही चिरकतात. कारण वाजतो तो पॅड असला तरी त्याला वाजू देतात त्या गोष्टी त्याच्या आजूबाजूला असतात: कोरड्या पडलेल्या गाइड पिना (पॅड धरून दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या), पॅड बसतो त्या गंजाने फुगलेल्या खाचा, सैल क्लिपा, कुणीतरी काढून टाकलेल्या शिम (पॅडमागचे पातळ पत्रे). त्या तशाच ठेवून पॅड बदलले तर पैसे जातात आणि आवाज राहतो.

हे सगळं पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या छोट्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. स्विफ्ट, वॅगनआर, आय१०, टियागो अशा आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्या याच रचनेच्या. चारही चाकांना डिस्क असेल तर पुढच्या चाकांचं काम तेच, मागच्यासाठी एक महत्त्वाचा फरक आहे, तो सहाव्या पायरीत येईल.

आवाज होतो कसा, ते थोडक्यात. पॅड डिस्कवर घासताना तो सेकंदाला हजारो वेळा किंचित पकडतो आणि सुटतो. पॅड आपल्या जागी घट्ट पण मोकळेपणाने बसलेला असेल तर ही थरथर तिथेच विरते. तो सैल, तिरका किंवा अडकलेला असेल तर थरथर बिडाच्या डिस्कपर्यंत पोचते आणि डिस्क झांजेसारखी वाजू लागते. म्हणून बहुतेक इलाज थरथर विरवण्याचे आहेत: साफसफाई, योग्य जागी योग्य ग्रीस, चांगल्या क्लिपा.

आधी हे पाहा: गाडी चालवायची की नाही

पुढीलपैकी काहीही असेल तर गाडी उभी करा आणि गॅरेजच्या माणसाला जागेवर बोलवा:

- 'चीं'ऐवजी खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज
- पेडल नेहमीपेक्षा खोल जाणं किंवा स्पंजासारखं मऊ लागणं
- ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढणं
- एकाच चाकाजवळ जळका वास, किंवा एकच रिम इतरांपेक्षा खूप तापणं
- चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर तेलकट डाग

ब्रेकचा लाल दिवा लागला तर हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना ते पाहा, मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहा. पॅड झिजतात तसा पिस्टन (ऑइलच्या दाबाने पॅड डिस्कवर दाबणारा दट्ट्या) बाहेर येत जातो आणि टाकीतलं ऑइल हळूहळू खाली उतरतं. म्हणून पातळी 'मिन'च्या जवळ दिसली की वरून ऑइल ओतून मोकळं होऊ नका, आधी पॅड तपासा. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती गाडी चालवायची नाही.

१. आवाज नेमका कधी येतो ते टिपून ठेवा

या पायरीवर वेळ घालवा. निम्मं निदान इथेच होतं आणि पुढे मेकॅनिककडे जायचं ठरलं तरी ही माहिती उपयोगी पडते.

कंपाउंड वॉलला लागून असलेला रिकामा रस्ता शोधा. काचा खाली, एसी आणि रेडिओ बंद, वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे तो डावीकडून येतोय की उजवीकडून ते कळतं. एकदा भिंत डाव्या हाताला ठेवून जा, परत येताना उजव्या हाताला. शक्य असेल तर मागच्या सीटवर कुणालातरी बसवा. पुढचा आवाज की मागचा, हे चालवणाऱ्यापेक्षा त्याला लवकर समजतं.

सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकना येतो आणि जातो. डिस्क बिडाची असते, रात्रभराच्या दमटपणाने तिच्यावर गंजाचा पातळ थर येतो. पावसाळ्यात, गाडी धुतल्यावर आणि किनारपट्टीवर हे रोजचं आहे. काही करू नका. मात्र गाडी दोन-तीन आठवडे उभी राहून गंज जाड झाला असेल आणि काही किलोमीटरनंतरही आवाज गेला नाही तर चाक उघडून बघा.

ब्रेक न दाबता बारीक चीं येते आणि दाबल्यावर थांबते किंवा बदलते. हा झीज दाखवणाऱ्या पट्टीचा आवाज असू शकतो. अनेक पॅडांच्या मागच्या लोखंडी पत्र्याला एक वाकडी पोलादी पट्टी असते. घासणारं मटेरियल साधारण २ ते ३ मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम आवाज करते. तो बंद करायचा नसतो, पॅड बदलायचे असतात. पॅड जाड असूनही असा आवाज येत असेल तर पट्टी वाकली आहे किंवा पॅड उलट्या बाजूला बसवलेत.

हलका ब्रेक लावल्यावर, गाडी थांबायच्या जरा आधी चिरकतो. जोरात दाबला तर येत नाही. ही खरी थरथर. पिना, क्लिपा, शिम किंवा चकाकलेला पॅड. पाचवी पायरी मुख्यतः यासाठीच आहे.

घाट उतरून आल्यापासून सुरू झाला. आंबोली, वरंध, ताम्हिणी यांसारख्या घाटात पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरलं की पॅडचा पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत होतो. हा आवाज कायम राहतो आणि ब्रेकची पकडही कमी होते.

चाकाच्या फेऱ्याबरोबर तालात खरडल्यासारखा, ब्रेकशी संबंध नसलेला. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं कव्हर असतं. त्याच्या आणि डिस्कच्या मध्ये खडा अडकतो, किंवा पत्रा वाकून डिस्कला टेकतो. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर हा आवाज अचानक सुरू होतो आणि ऐकून धडकी भरते, पण बऱ्याचदा मोकळ्या जागेत गाडी थोडी मागे-पुढे घेतल्यावर खडा पडून जातो. नाही पडला तर चाक काढून स्क्रूड्रायव्हरने पत्रा किंचित मागे सारायचा.

मागून येतो. सपाट रिकाम्या जागी, ताशी १० च्या वेगाने, हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडा एक-दोन खटके वर घ्या. आवाज बदलला किंवा वाढला तर तो मागच्या ड्रममधला.

रिव्हर्स घेताना पहिल्या ब्रेकला 'टक्'. पॅड खाचेत मागे-पुढे सरकतो. क्लिपा सैल आहेत किंवा बसवल्याच नाहीत.

दोन आवाज ब्रेकच्या दोषात धरू नका. वळणावर बदलणारी 'घुंघुं' बहुधा व्हील बेअरिंगची असते. ऑटोमॅटिक गाडी सिग्नलवर ब्रेक हळूहळू सोडत सरकताना होणारी 'घुर्र' बऱ्याच गाड्यांत असते, ती दोष नाही.

२. सामान जमवा

- गाडीचा जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड)
- व्हील पाना, गोटी पान्याचा सेट (१२, १४ आणि १७ नंबर बहुतेक गाड्यांत लागतात), जमल्यास टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराइतकाच, म्हणजे टॉर्कवर, आवळणारा पाना)
- सी-क्लॅम्प, पिस्टन आत ढकलायला
- ब्रेक क्लीनर स्प्रे, ५०० मिलीचा एक डबा
- तारेचा ब्रश, बारीक कानस, ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर
- रबराला चालणारं सिलिकोन ब्रेक ग्रीस, फक्त पिनांसाठी
- जास्त उष्णता सोसणारं सिरॅमिक किंवा मॉलिब्डेनमचं ब्रेक ग्रीस, पॅडच्या कानांसाठी (खाचेत बसणाऱ्या दोन टोकांसाठी)
- जाडी मोजायला व्हर्नियर, कॅलिपर टांगायला जाड तार
- मास्क, चष्मा, हातमोजे
- बदलायचे असतील तर पुढचे पॅड (चार नगांचा सेट) आणि क्लिपांचा सेट

पार्ट घ्यायला जाताना आरसीचा फोटो जवळ ठेवा. एकाच मॉडेलमध्ये वर्ष आणि व्हेरियंटनुसार पॅड बदलतात, चासिस नंबर दिला की दुकानदार नेमका पार्ट काढतो. जुना पॅड सोबत नेता आला तर आणखी चांगलं.

ग्रीसच्या बाबतीत काटकसर नको. बेअरिंगचं साधं पिवळं किंवा तपकिरी ग्रीस पिनांना लावलं तर त्यातल्या खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं. काही महिन्यांत पिना जॅम होतात आणि तुम्ही जिथून सुरुवात केली त्यापेक्षा वाईट अवस्थेत येता.

३. गाडी उचला

जमीन सपाट आणि टणक हवी. पुढचं काम करताना हँडब्रेक ओढा, गिअर पहिल्यात टाका, मागच्या चाकांच्या मागे-पुढे दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचला आणि घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीत हात घालायचा नाही. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक घसरलाच तर गाडी त्याच्यावर टेकेल.

एका वेळी एकच बाजू उघडा. क्लिप कशी होती, पट्टी कुठल्या बाजूला होती असा प्रश्न पडला की दुसरं चाक उत्तर देतं. उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटोही काढा.

ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका आणि तोंडाने फुंकू तर अजिबात नका. मास्क घाला, ब्रेक क्लीनरने ओली करून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

४. सुटं करण्याआधी नजरेने तपासा

नवीन पॅडवर घासणारं मटेरियल साधारण १० मिलिमीटर असतं. मागचा लोखंडी पत्रा त्यात मोजायचा नाही, ही चूक फार होते. ३ मिलिमीटरवर आलं की बदलायची तयारी करा. बाहेरचा पॅड सहज दिसतो म्हणून तेवढाच बघितला जातो, पण आतला आधी संपलेला असू शकतो. टॉर्च घेऊन कॅलिपरच्या खिडकीतून आतलाही बघा.

झीज कशी झाली आहे ते बरंच सांगून जातं:

- दोन्ही पॅड सारखे झिजलेत: कॅलिपर नीट काम करतोय.
- आतल्या-बाहेरच्यात २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक: पिना किंवा पिस्टन अडकतोय.
- पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड: एक पिन जॅम आहे, किंवा पॅडचा कान खाचेत अडकलाय.
- डाव्या आणि उजव्या चाकात मोठा फरक: जास्त झिजलेल्या बाजूचा ब्रेक सुटत नाही.

पिस्टनभोवतीचं रबरी बूट फाटलं असेल किंवा ओलं असेल तर इथेच थांबा. कॅलिपरचं सील बदलण्याचं काम घरी करायचं नाही.

५. पिना, खाचा आणि शिम

स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कॅलिपर समोर येतो. बहुतेक छोट्या गाड्यांत खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनवर उचलून फिरवता येतो आणि पॅड बाहेर येतात. पूर्ण काढला तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, ती आतून फाटते. कॅलिपर सुटा असताना कुणीही ब्रेक पेडल दाबणार नाही याची काळजी घ्या, पिस्टन बाहेर येऊन पडेल.

आता पिना. कॅलिपर या दोन पिनांवर डावी-उजवीकडे सरकतो म्हणून एकाच पिस्टनने दोन्ही पॅड दाबले जातात. पिन कोरडी पडली की कॅलिपर तिरका बसतो, पॅड पूर्ण सुटत नाही, हलकेच घासत राहतो आणि वाजतो. माझ्या मते चिरकणाऱ्या ब्रेकमध्ये सगळ्यात आधी बघायची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागा हीच.

पिन हाताने ओढून बाहेर काढा. वरची आणि खालची पिन सारखी असेलच असं नाही. एकीला टोकाला रबरी नळी किंवा चपटी बाजू असते, ती जिथली तिथेच गेली पाहिजे. जुनं ग्रीस फडक्याने आणि क्लीनरने पूर्ण काढा, भोकाच्या आतूनही. हलका गंज बारीक पेपरने जातो. पिनेवर खड्डे पडले असतील तर पिन बदला, घासून गुळगुळीत केलेली पिन भोकात खुळखुळते आणि नवा आवाज काढते. रबरी बूट फाटलेलं दिसलं तर तेही बदला, कारण पाणी तिथूनच शिरतं. किनारपट्टीवर राहत असाल तर पावसाळा संपला की हे काम दरवर्षी करून घ्या.

प्रत्येक पिनेला हरभऱ्याएवढं सिलिकोन ग्रीस पुरतं, सगळीकडे पातळ थर. भोकात ग्रीस ठासून भरलं तर हवा कोंडते आणि पिन आतून बाहेर ढकलली जाते. बसवल्यावर बोटाने दाबून बघा: थोडा एकसारखा विरोध, पण अडकणं नाही.

मग ज्या खाचेत पॅडचे कान बसतात ती बघा. स्टीलच्या क्लिपा काढा. त्यांच्याखाली ब्रॅकेटवर (खाचा असलेल्या लोखंडी चौकटीवर) गंज फुगलेला असतो आणि तो क्लिपेला आत ढकलून पॅड आवळतो. क्लिप वरून स्वच्छ दिसत असल्यामुळे हे लक्षात येत नाही. तारेच्या ब्रशने आणि कानशीने ब्रॅकेटचं मूळ लोखंड दिसेपर्यंत गंज काढा, कानस गंजापुरतीच चालवा. क्लिपा दबल्या किंवा चपट्या झाल्या असतील तर नव्या घाला. पॅड खाचेत बोटाने सरकला पाहिजे, पण खालीवर खुळखुळायला नको.

पॅडच्या मागचे पातळ पत्रे म्हणजे शिम. थरथर विरवायलाच ते असतात, आणि 'याची गरज नाही' म्हणून तेच आधी फेकले जातात. जुने वाकले नसतील तर स्वच्छ करून परत वापरा. नव्या पॅडला शिम आधीच चिकटवून आले असतील तर त्यावर जुने चढवू नका. उष्णतेचं ग्रीस फक्त तीन जागी, नखाने पसरवल्याइतकं पातळ लावायचं: पॅडच्या कानांना, पिस्टन टेकतो तिथे, आणि कॅलिपरची बोटं टेकतात तिथे. मागे रबराचा किंवा चिकट थर असलेली शिम असेल तर तिच्या आणि पॅडच्या मध्ये ग्रीस घालू नका. घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये.

याच कारणाने डिस्कवर गंज सोडवणारा स्प्रे, डिझेल, खोबरेल तेल असलं काहीही मारू नका. आवाज त्या क्षणी बंद होतो, कारण ब्रेकच लागेनासा होतो. पॅड तेल पितो, आणि तेल प्यालेला पॅड साफ होत नाही, फेकावाच लागतो.

६. पॅड: घासून वापरायचे की बदलायचे

पॅड जाड आहे पण आरशासारखा चकाकतोय, तर सपाट काचेवर किंवा फरशीवर ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून पॅड त्यावर आठच्या आकड्यात फिरवा. चकाकी जाऊन एकसारखा मॅट रंग आला की थांबा. हातात पॅड धरून पेपर मारला तर कडा गोल होतात आणि पॅड पूर्ण टेकत नाही. गॅरेजमधला इलाज अनेकदा इथेच फसतो. पॅडला भेगा असतील, कडा भुसभुशीत झाल्या असतील किंवा मटेरियल पत्र्यापासून सुटत असेल तर पेपर मारण्यात अर्थ नाही.

कडा अगदी काटकोनात असतील तर दोन्ही टोकांना कानशीने २ ते ३ मिलिमीटर तिरका उतार द्या. डिस्कवर कड आपटणं कमी होतं. पुष्कळ पॅडना हा उतार कंपनीतूनच असतो.

बदलायचे असतील तर दोन्ही चाकांचे एकदमच. धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात, पण थंड असताना जास्त वाजतात आणि डिस्कही जास्त खातात. शहरातल्या रोजच्या वापराला कंपनीच्या मूळ पॅडसारखं ऑरगॅनिक मटेरियल शांत राहतं. सिरॅमिक पॅड बहुधा आणखी शांत, धूळही कमी, फक्त महाग. सुट्या, पाकिटाशिवाय मिळणाऱ्या पॅडच्या वाटेला जाऊ नका. ब्रेकमध्ये नक्कल पार्ट ही बचत नव्हे.

जाड नवे पॅड बसायला पिस्टन आत ढकलावा लागतो. त्याआधी टाकीचं झाकण सैल करा आणि ऑइल 'मॅक्स'च्या वर चढणार नाही हे बघा. गरज पडल्यास नव्या सिरिंजने थोडं काढा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. पिस्टनवर जुना पॅड आडवा ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. खूप जोर लावूनही जात नसेल तर पिस्टन जॅम आहे, काम गॅरेजचं.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांतला फरक तो हाच: जिथे हँडब्रेक कॅलिपरमध्येच असतो तिथला पिस्टन सरळ दाबायचा नसतो, खास टूलने फिरवत आत न्यायचा असतो. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडवर टाकावा लागतो. क्लॅम्पने रेटलं तर आतली यंत्रणा मोडते.

ऑइल भरायची वेळ आली तर झाकणावर लिहिलेला ग्रेडच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद बाटलीतला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर त्याची हमी १५५ अंशांपर्यंत उतरते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ५ सिलिकोनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

७. डिस्क

डिस्कवरून बोट फिरवा, थंड असतानाच. बारीक रेषा चालतात. नख अडकेल असे चर, निळे-काळे डाग किंवा भेगा नकोत. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, 'मिन टीएच' आणि पुढे मिलिमीटर. बाहेरच्या कडेला न झिजलेला उंचवटा राहतो, म्हणून व्हर्नियर थेट कडेवर लावला तर जाडी खोटी जास्त येते. दोन्ही बाजूंना एकेक नाणं ठेवून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. माप किमान आकड्याच्या जवळ असेल तर लेथवर फेसिंग (पृष्ठभाग छिलून सपाट करणं) करू नका, कारण फेसिंगनंतर ती त्याच्या खाली जाईल. अशी डिस्क जोडीने बदला.

डिस्क चांगली असेल तर १२० नंबरचा पेपर गोल-गोल, आडवा-उभा फिरवून जुन्या पॅडचा थर काढा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. नवी डिस्क टाकत असाल तर तिच्यावर गंजरोधक तेलाचा थर असतो. तो क्लीनरने दोन्ही बाजूंनी काढल्याशिवाय बसवू नका. हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाच्या) तोंडावरचा गंजही घासून काढा. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क किंचित डुलते आणि पुढे पेडलला थरथर येते.

८. जोडणी

झीज दाखवणारी पट्टी ज्या बाजूला होती त्याच बाजूला आली पाहिजे, फोटो बघा. पिनांचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. ते छोटे असतात, टॉमी (लांब दांडा) लावून जोर काढला तर आटे जातात. चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने. छोट्या गाड्यांत त्यांचा टॉर्क साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिले काही पंप पेडल थेट तळाला जातं. हे विसरून गाडी गिअरमध्ये टाकली तर समोरच्या भिंतीपर्यंत ब्रेक लागत नाही. पंप झाल्यावर ऑइलची पातळी बघा, झाकण लावा. पहिली फेरी गल्लीतच, हळू.

९. पॅड बसवून घ्या

नव्या किंवा पेपर मारलेल्या पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा लागतो. मोकळा रस्ता निवडा, मागे वाहन नको. ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, गाडी पूर्ण थांबवायची नाही. पुन्हा वेग घ्या. असं आठ ते दहा वेळा, दोन ब्रेकमध्ये अर्धा-एक मिनिट मोकळं चालवून. शेवटी पाच-दहा मिनिटं ब्रेक कमीत कमी वापरत गाडी चालवा म्हणजे डिस्क थंड होईल. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून उभं राहिलं तर त्या जागी पॅडचा ठसा उमटतो आणि मग ब्रेक धक्के देतो. हलका वास येणं ठीक, धूर आला तर थांबा.

पहिले २०० ते ३०० किलोमीटर कचकन ब्रेक टाळा आणि घाट तर पुढे ढकलाच. एरवीही ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन गाडी धरून ठेवतं आणि पॅड भाजत नाहीत.

१०. मागचा ड्रम

ड्रममधला आवाज बहुधा साठलेल्या धुळीचा किंवा ब्रेक शू (ड्रमला आतून दाबणारा कमानदार तुकडा) ज्या पत्र्यावर सरकतो तिथल्या कोरड्या टेकूंचा असतो. तिथे उष्णतेचं ग्रीस ठिपक्याएवढं लागतं आणि लायनरला (शूवरच्या घासणाऱ्या थराला) हलका पेपर. काम अवघड नाही, पण नवशिक्याने ते स्वतः करू नये असं मी स्पष्ट सांगेन. काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं आणि ड्रम काढायला एक्सलचा मोठा नट खोलून पुन्हा ठरलेल्या टॉर्कवर आवळावा लागतो. स्प्रिंगा चुकीच्या जागी बसल्या तर शू अडकून चाक जॅम होऊ शकतं. व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग) ओला दिसला तर तो बदलायचा, आणि तेल लागलेले शूही.

११. गॅरेजला देताना

'ब्रेक आवाज करतो' एवढंच सांगू नका. 'डावं पुढचं चाक, हलक्या ब्रेकला, गाडी गरम झाल्यावर' असं सांगा. कामाच्या यादीत हे लिहून घ्या: पिना काढून साफ करून सिलिकोन ग्रीस, क्लिपा काढून खाचेचा गंज काढणे, शिम परत बसवणे, चारही पॅडची जाडी. काढलेले जुने पार्ट परत मागा. डिस्क फेसिंग सुचवलं तर आधी मोजलेली जाडी आणि डिस्कवर कोरलेला आकडा दोन्ही दाखवायला सांगा.

सगळं नीट करूनही दोन्ही चाकांतून सारखाच आवाज येत राहिला तर आता पॅडच्या मटेरियलवर संशय घ्या आणि दुसऱ्या मेकचा सेट लावून बघा. फक्त एकाच चाकातून येत राहिला तर डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) त्या डिस्कचं डुलणं मोजून घ्या. ०.१ मिलिमीटरच्या वर गेलं तर हब साफ करून डिस्क एक-एक भोक फिरवून पुन्हा बसवायची आणि पुन्हा मोजायचं. तरीही माप उतरलं नाही तर दोष हबचा, बेअरिंगचा किंवा डिस्कचा आहे, पॅडचा नाही.